मुलांच्या वाटणीची भिंत

आमच्या नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही बऱ्यापैकी घरात जावे आणि चहा येईपर्यंत भिंतींवरून नजर फिरवावी. समोर देव असतात. देवांच्या खाली हार घातलेले आजोबा असतात. बाजूला यजमानांचे लग्नातले छायाचित्र, त्याच्या शेजारी यजमान कोणा पुढाऱ्याच्या हातून शाल-नारळ घेत आहेत असे आणखी एक छायाचित्र, पतसंस्थेचे कॅलेंडर, आणि एक घड्याळ, तेही कोणीतरी वास्तुशांतीला दिलेले. देवांना जागा मिळाली, गेलेल्यांना मिळाली, पुढाऱ्यांनाही मिळाली. त्याच घरात एक पाच वर्षांचे पोर रोज पालथे पडून कागदावर रेघा ओढीत असते. त्याच्या कागदाला त्या चार भिंतींत वीतभर जागा नसते. असलीच तर फ्रिजच्या दारावर, विजेच्या बिलाखाली.

ह्याला मी अन्याय म्हणते. शब्द मोठा वाटला तर वाटो. माझे शिक्षण दहावीपुरते. सकाळी बालवाडी, दुपारी मोठ्या मुलांचा चित्रांचा तास, आणि रात्री घर निजल्यावर कादंबरीची पाने, असा माझा दिवस जातो. तेव्हा मानसशास्त्राचे जाड ग्रंथ मी कोणाच्या अंगावर फेकणार नाही. पण वीस वर्षे मी मुलांना चित्रे देऊन घरी पाठवते आहे. ‘बाई, हे घरी नेऊ?’ असे विचारताना त्यांचे चेहरे कसे असतात ते मला ठाऊक आहे. आणि दुसऱ्या दिवशी मी ‘कुठं लावलं रे?’ असे विचारले की त्यांतली किती जण खाली पाहतात, तेही मला ठाऊक आहे.

दिवाळी हा तर ह्या कागदांचा काळ. दसरा झाला की माळे रिकामे होतात, गाद्या उन्हात येतात, आणि वर्षभराची चित्रे जुन्या वह्यांबरोबर रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. किलोच्या भावाने. (दिवाळी अंक तेवढे मागे राहतात, अशी निदान आम्हां लेखकांची समजूत आहे.) भगिनींनो, घर स्वच्छ करू नका असे मी म्हणत नाही. अंगात आले म्हणजे मूल दिवसाला तीन-तीन कागद रंगवते. ते सगळे जपायचे म्हटले तर माणसांना अंगणात निजावे लागेल. माझे मागणे फार थोडे आहे. रद्दीत जाण्याआधी कागदाला भिंतीवरचे आठ दिवस मिळावेत. आणि कोणता कागद वर राहायचा, कोणता उतरायचा, हे ज्याने तो काढला त्याने ठरवावे. ह्यांतले पहिले लोक एकवेळ कबूल करतात. भांडण आहे ते दुसऱ्यावरून.

पण क्रमाने जाऊ. पहिला आक्षेप येतो तो भिंत खराब होण्याचा. तो खरा आहे. हल्लीच्या गुळगुळीत रंगावर चिकटपट्टी लावली की काढताना रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर निघतो आणि खाली पांढरे दिसू लागते. ज्याने कर्ज काढून भिंत रंगवली त्याच्या काळजाला ते लागणारच. परंतु चिकटवायला सांगितले कोणी? चित्र टांगता येते. ते कसे, ते पुढे सांगतेच. मला बोलायचे आहे ते ह्या आक्षेपाच्या पोटात दडलेल्या समजुतीविषयी. भिंत ही एकदा सजवायची आणि मग तिला हात लावायचा नाही, ही ती समजूत. ती आपली नव्हे.

आपल्या बायकांची भिंत सदा बदलती होती. श्रावण तोंडावर आला की बाजारातून जिवतीचा कागद आणतात. त्यावर नरसिंह असतो, कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण असतो, पोरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका असतात, हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती असतो. गेल्या सालचा कागद जातो, नवा येतो. नागपंचमीला पाटावर, कुठे भिंतीवर, नाग काढायचे आणि सण सरला की ते पुसून जायचे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढायचा. पुढच्या लग्नाला पुन्हा सारवण आणि पुन्हा नवा चौक. जिव्या सोमा म्हसे ह्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती ह्याच पुसून पुन्हा काढायच्या भिंतीच्या पुण्याईवर. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी आहेत. त्यांच्या पोथीतली चित्रे सुटी असतात. गोष्ट पुढे सरकली की एक चित्र मागे जाते आणि दुसरे समोर येते. आणि रांगोळी? ती तर रोज सकाळी नवी. काल फार सुरेख आली होती म्हणून आज दारात झाडलोट केली नाही, असे कोणत्या घरात घडते?

माझा तर्क असा, की चित्र काचेमागे कायमचे बसवायची सवय छापील तसबिरींनी लावली. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ साली निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती रंगीत होऊन घरोघर गेल्या. त्यात वाईट काही झाले नाही, गरिबाच्या भिंतीला रंग मिळाला. पण तसबीर एकदा चढली की चढली. तिच्यामागे पालीने संसार थाटला तरी ती उतरत नाही. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, एसटीच्या बदलल्या. बैठकीतली फ्रेम मात्र हलायला तयार नाही.

आणि एक गोष्ट तर मला अगदी बोचते. जिवती ही लेकरांना राखणारी देवता. तिचा कागद दरसाल नवा लागतो. जे लेकरू तिने राखावे म्हणून आई शुक्रवारी तिची पूजा करते, त्या लेकराच्या कागदाला तिच्या शेजारी खिळा नाही. दसऱ्याला मात्र आपण शहाणे होतो. पोर पाटीवर एकाचे आकडे जुळवून सरस्वती काढते. तिला नाक नसते, डोळे नसतात, कधी एक हात जास्त होतो, आणि तरी बाप तिला हळदकुंकू वाहून हात जोडतो. पोराच्या हातच्या रेघांपुढे वाकण्याची चाल आपल्याकडे आहे! वर्षातून एकच दिवस आहे, एवढेच.

आता दुसरा पक्ष. हा अधिक शिकलेला आहे, म्हणून मला त्याची भीती अधिक. हे लोक मुलाचे चित्र लावतात. एक लावतात, बक्षीस मिळालेले, सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये, पाहुण्यांना दिसेल अशा उंचीवर. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने तिसरीत असताना मोर काढला आणि तिला तालुक्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. मोर काचेत गेला. ती आता सातवीत आहे. मध्यंतरी तिच्या हाताखालून माणसे आली, विहीर आली, पावसात भिजणारी मोटारसायकल आली. घरी कोणी विचारले नाही. पाहुणा आला की त्याला मोर दाखवतात आणि तिला म्हणतात, ‘काकांना मोर काढून दे.’ ती मुकाट्याने मोर काढते. चार वर्षे ती तोच मोर काढते आहे. तो मोर भिंतीवर बसलेला नसून तिच्या मानगुटीवर बसलेला आहे, हे तिच्या सुशिक्षित आईबापांना मी कसे सांगावे?

न बदलणारे चित्र आणि प्रमाणपत्र ह्यांत भेद राहत नाही. प्रमाणपत्रांचा तर सुकाळच झाला आहे. इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात ७ गुण वाढतात, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. गुण मिळावेत, माझी हरकत नाही. त्या निमित्ताने का होईना, मुलांच्या हाती ब्रश येतो. पण आठवीतल्या मुलाचा बाप मला विचारतो, ‘बाई, सातात बसेल ना?’ आणि त्याच मुलाने स्मरणचित्रात काढलेला आठवडे बाजार त्याने उलगडूनसुद्धा पाहिलेला नसतो, तेव्हा माझा राग आवरत नाही.

ह्या सगळ्याचे फळ काय ते पाहायचे असेल तर कोणत्याही शाळेत जाऊन मुलांना ‘हवे ते चित्र काढा’ असे सांगा. चाळीसपैकी तीस कागदांवर तेच येईल. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून वर आलेला सूर्य, खाली वाहती नदी, कौलारू झोपडी, आणि एक वाकडा माड. माड! आमच्या पारनेर-पाथर्डीच्या माळावर! ज्या पोराने उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांची रांग धरली, २०१९ च्या दुष्काळात चारा-छावणीत बापाच्या बैलांपाशी मुक्काम केला, ते पोर वाहती नदी आणि माड काढते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचे कळसूबाई, आमच्याच अकोले तालुक्यात आहे. तिथली मुलेही दोन त्रिकोणच काढतात. दारातून दिसते ते कोणी वाखाणत नाही, पुस्तकातले वाखाणतात. पोर हुशार असते. जे वाखाणले जाते ते ते देते.

फ्रान्झ चिझेक नावाच्या चित्रकाराने व्हिएन्ना शहरात १८९७ साली मुलांसाठी चित्रांचा वर्ग उघडला. मोठ्यांचे नमुने गिरवायला लावण्याऐवजी त्याने मुलांना त्यांच्याच मनातले काढू दिले. त्या गोष्टीला सव्वाशे वर्षे उलटली. आमच्या शाळांच्या भिंती आता ‘बोलक्या’ झाल्या आहेत. पेंटर येतो, तेलरंगात नकाशा काढतो, पाढे काढतो, दूरचित्रवाणीवरचा भीम काढतो. भिंत बोलते खरी, पण पेंटरचे बोलते, आणि पुढचा निधी येईपर्यंत तेच तेच बोलत राहते. शाळेचे शाळा पाहो. घरची भिंत तरी आपल्या हातात आहे.

तर ती करायची कशी? भिंतीवर जमिनीपासून साडेतीन फुटांवर दोन खिळे ठोकावेत, चारपाच फुटांच्या अंतराने. त्यांच्यामध्ये सुती दोरी ताणून बांधावी आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे लावावेत. झाले. साडेतीन फूट हे अंतर पाच वर्षांच्या मुलाचे आहे. मूल लहान असेल तर खिळे खाली घ्यावेत. मोठ्यांना पाहायला वाकावे लागेल. वाकावे. सुतळी घेऊ नये, तिचे झुसे निघतात. चिमटे लाकडी असले तर बरे, प्लॅस्टिकचे वर्षभरात तडकतात. एका कागदाला दोन चिमटे, नाहीतर पंखा लावला की कागद गिरकी घेतो. घरात रांगते मूल असेल तर दोरीचा नाद सोडावा, गळ्यात अडकण्याची भीती असते. तिथे लाकडी पट्टी भिंतीला पक्की ठोकून तिच्यावर कागदाचे क्लिप बसवावेत. टाचण्या तर अजिबात नकोत. काहीजण जुन्या कॅलेंडरची पत्र्याची पट्टी वापरतात. तिची धार बोटाला लागते, म्हणून मी ती सुचवीत नाही.

ह्याहून सोपा उपाय म्हणजे परीक्षेचे पॅड. मुले असलेल्या प्रत्येक घरात कोपरे झिजलेली दोनतीन पॅड पडलेली असतात. वरच्या क्लिपला भोक असते, त्याने ते खिळ्यावर अडकवावे. कागद लावायला आणि काढायला मुलाला कोणाची मदत लागत नाही. परीक्षेची वस्तू एकदा तरी मुलाच्या आनंदासाठी लटकते, हा वरचा नफा.

घर भाड्याचे आहे, मालक खिळा मारू देत नाही, अशी तक्रार शहरातून येते. खिडकीचे गज तर मालकाने मोजून ठेवलेले नाहीत? दोन गजांमध्ये दोरी बांधावी. फक्त थेट ऊन येत असेल तर स्केचपेनचा रंग महिन्यात उडतो, हे लक्षात ठेवावे; तेलखडूचा बराच टिकतो. चुलीच्या धुराजवळ आणि ओल येणाऱ्या भिंतीवर काही लावू नये.

खर्चाचे कारण सांगणाऱ्यांना मी ताराबाई मोडकांकडे पाठवीन. त्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या. परदेशी पद्धतीची महागडी साधने परवडत नव्हती, तर पाने, बिया, शंख-शिंपले ह्यांची साधने केली. तिथे शंखशिंपल्यांत शिक्षण झाले. तुमच्याकडे चिमट्यांना पैसे नाहीत?

साधन सोपे आहे, अवघड आहे तो हात आवरणे. दोरी बांधली की मोठी माणसे निवड करायला धावतात. ‘हे छान आहे, हे लाव. हे घाणेरडं झालंय, काढ.’ इथे मी हात जोडून सांगते, बोलू नका. काळ्या रंगाने खरडलेला कागद त्याने मधोमध लावला तर लावू द्या. तिथे काय आहे ते त्याला माहीत आहे. ‘हे काय काढलंस?’ असेही विचारू नये. तीन वर्षांच्या मुलाने काही ‘काढलेले’ नसते, त्याने हात फिरवून पाहिलेला असतो, आणि ह्या प्रश्नाने ते बिचारे घाबरून ‘हत्ती’ म्हणून मोकळे होते. ‘मला सांग ह्याचं,’ एवढे म्हणावे आणि ऐकावे. ते जे सांगेल ते कागदाच्या पाठीवर पेन्सिलने तारखेसकट लिहून ठेवावे. समोर नव्हे, पाठीवर. समोरची जागा त्याची आहे.

बदलायचा वार ठरवून द्यावा. आमच्याकडे बाजाराचा दिवस सोयीचा पडतो, त्या दिवशी घरात तसेही नवे काहीतरी येते. उतरलेल्या कागदांतून महिन्याला एक मुलाने निवडावा आणि तो फाइलमध्ये जावा. फाइलमध्ये डांबराच्या दोन गोळ्या टाकाव्यात, नाहीतर कसर खाते. आणि ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवावी. बाकीच्यांची वह्यांना कव्हरे घालावीत, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कराव्यात, आणि उरले ते खुशाल रद्दीत द्यावेत. ते आठ दिवस जगून चुकलेले असतात.

मोबाइलवाल्यांचे उत्तर द्यायचे राहिले. ते म्हणतात, आम्ही प्रत्येक चित्राचा फोटो काढून सगळ्यांना पाठवतो, पुण्याच्या मावशीला, अमेरिकेच्या काकाला. लगेच अंगठे येतात. येवोत. पण त्या फोनात मुलाला हवे तेव्हा जाता येते का? अंगठे बापाच्या फोनवर उमटतात, कागद तोवर सोफ्याखाली गेलेला असतो. रात्री झोपेतून उठून पाणी प्यायला जाताना दिव्याच्या उजेडात आपले चित्र आपल्या घरच्या भिंतीवर आहे, हे मुलाच्या डोळ्यांनी पाहण्याची गोष्ट आहे. ती फोटोने भागत नाही.

आणि आता ज्यांना भिंतच नाही त्यांच्याविषयी. दिवाळीच्या सुमाराला आमच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. मुकादमाची उचल घेतलेले नवराबायको, म्हणजे एक ‘कोयता’, ऊसतोडीला निघतात. काही मुले आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, आणि काही आईबापांबरोबर फडावर जातात. तिथले घर म्हणजे कोपी, बांबूवर ताडपत्री आणि पाचट टाकून केलेली. माझ्या दुपारच्या तासाची एक दुसरीतली मुलगी गेल्या साली अशीच गेली आणि उन्हाळ्यात परतली ती कागदांची एक सुरळी घेऊन. मी सोडून पाहिली तर सगळे कागद धुराने पिवळे पडलेले. एकावर उसाने भरलेली बैलगाडी, एकावर आईच्या हातातला कोयता, आईपेक्षा मोठा. एक कागद सगळा काळा, त्यात दोनच पिवळे ठिपके. मी विचारण्याआधीच ती म्हणाली, ‘बिबट्या. उसात होता. दिसला नाही, डोळे दिसले.’

‘कुठं ठेवायचीस हे?’ मी विचारले. तिने सांगितले, की आबांनी कोपीतल्या दोन बांबूंना दोरी बांधून दिली होती. एका वेळी एकच कागद लावायची, कारण जागा तेवढीच. दहिवराने ओला व्हायला लागला की तो काढून दुसरा. चिमटा नव्हता, आईची केसांची पिन होती.

सहा-सात फुटांच्या त्या कोपीत चूल होती, अंथरुणे होती, कोयते होते, पाण्याचा ड्रम होता, आणि हातभर दोरी त्या पोरीच्या मालकीची होती. पहाटे चारला उठून थंडीत ऊस तोडणाऱ्या तिच्या बापाला ती सुचली. दोन खोल्या आणि वर हॉल असणाऱ्यांनी मग मला जागेची अडचण सांगू नये. मी ती ऐकून घेणार नाही.

कोपीत माड नव्हता, दोन डोंगर नव्हते, हेही सांगून ठेवते.

यंदा टोळी भाऊबीज झाली की निघेल. तिने कोरे कागद आणि चिमटे मागितले आहेत. कागद पन्नास दिले आहेत. चिमटे तिने दोनच मागितले होते, मी बारा बाजूला काढले आहेत, कारण तिचा धाकटा भाऊ ह्या वेळी बरोबर आहे आणि दोरीवरून त्यांची भांडणे आतापासूनच चालू झाली आहेत.